'मानवी झिंक फिंगर प्रोटीन' म्हणजे झिंकची गोळी नव्हे

"प्रयोगशाळेतलं मानवी झिंक फिंगर प्रोटीन माणसाच्या रक्तातून काढतात आणि ते घेतल्याने झिंकची कमतरता भरून निघते," असा मेसेज फिरतो आहे. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

'मानवी' हा शब्द मूळ जनुक कोणाचा, एवढंच सांगतो. तो जनुक बहुतेकदा ई. कोलाय जिवाणूत घालतात. प्रथिन जिवाणू बनवतो, मग ते शुद्ध केलं जातं. रक्तदात्याचा इथे संबंधच नाही.

आता झिंक, म्हणजे जस्त. या प्रथिनात बोटासारखे ('फिंगर') दुमडलेले छोटे भाग असतात. साधारण ३० अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या घटकांच्या) अशा एका 'बोटा'त जस्ताचा एकच आयन (विद्युतभारित अणू) असतो. नेहमीच्या प्रकारात दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन ही अमिनो आम्लं त्याला धरून ठेवतात; त्यामुळे घडी टिकते आणि बोट डीएनएच्या खाचेत नेमकं बसतं. किती देखणी रचना! १९८५ मध्ये केंब्रिजला शास्त्रज्ञ आरन क्लूग यांच्या गटाने ती झेनोपस बेडकाच्या अंडपेशींतल्या प्रथिनात ओळखली.

प्रयोगशाळेसाठीच्या कुपीत हे प्रथिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, त्यातलं जस्त नगण्यच. कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहितात, कारण ते माणसाला देण्यासाठी तपासलेलंच नसतं. कृपया कुणी ते घेऊ नका, टोचून तर मुळीच नाही. झिंक कमी असल्याची शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा.