गिझर 40 वर ठेवा म्हणे!

"इमारतीच्या पाण्यातले जंतू ही नुसती धंद्याची भीती" असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. आत्याने तो वाचून साठवणीच्या गिझरचा काटा 40 वर आणलासुद्धा. तिला जुना दमा, त्यात स्टिरॉइड चालू. एरवी मी असल्या फॉरवर्डच्या नादी लागले नसते, पण आता त्यातला एकेक दावा बघूच.

"40 अंश पुरे, वीज वाचते, गरम पाण्यात जंतू टिकत नाहीत." सगळ्यात घातक मुद्दा हाच. लेजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा बॅक्टेरिया साधारण 20 ते 45 अंशांत वाढतो, 35 च्या आसपास तर जोमाने. टाकीच्या तळाशी गाळ, आतून बुळबुळीत थर आणि दिवसभर कोमट पाणी, म्हणजे त्याची चंगळच. 40 वरचा गिझर त्याला मारत नाही, पोसतो. जागतिक आरोग्य संघटनेचं 2007 चं लेजिओनेलावरचं पुस्तक साफ सांगतं: पाणी 20 ते 50 अंशांच्या पट्ट्यात राहू देऊ नका. म्हणून साठवण 60 वर. हां, 60 चं पाणी थेट अंगावर घेतलं तर काही सेकंदांत भाजतं, एवढं खरं. पण त्यासाठी नळापाशी थंड पाणी मिसळायचं, टाकी कशाला कोमट करायची? (साठवण नसलेल्या इन्स्टंट गिझरला ही भानगड फारशी नाही.)

"पिण्याचं पाणी उकळलं की झालं." हा जंतू मुख्यतः श्वासातून जातो, शॉवरच्या बारीक तुषारांतून. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर 182 जण आजारी पडले, 29 दगावले. ते काही पाणी पिऊन नव्हे.

"नितळ आहे, टीडीएस कमी आहे." टीडीएस मीटर क्षारांचा अंदाज देतो, जंतूंचा नाही. पुढे.

"धडधाकट माणसाला काही होत नाही." बहुतेकांना नाही होत, कबूल. पण पन्नाशी ओलांडलेले, सिगारेट ओढणारे, फुप्फुसं किंवा प्रतिकारशक्ती कमजोर असलेले यांचं काय? मेसेज त्यांनाही जातोच की!

"एक टेस्ट निगेटिव्ह आली, विषय संपला." ती त्या दिवशीच्या, त्या एका नळाची. धोका जोखायचा तर आधी इमारत फिरून बघा: कुठली खोली महिनोन्महिने बंद आहे, कुठला पाइप पुढे बुच मारून तसाच सोडलाय (दोन्हीकडे पाणी साचून राहतं), वरच्या टाकीतलं पाणी किती तापतं, आणि शेवटच्या नळाला गरम पाणी येतं तेव्हा थर्मामीटर किती दाखवतो.