चावडीवरचं प्रगतिपुस्तक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सोरोरिटीच्या (अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या सदस्यसंस्थेच्या) चॅप्टरमध्ये, म्हणजे एखाद्या कॉलेजातल्या शाखेत, सन्मान कसे ठरवावेत आणि कसे द्यावेत, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक जुना वाचक, नाशिक’ अशा सहीने प्रतिक्रिया आली. ती अशी :

“बाई, राग मानू नका, पण एवढा लांबलचक लेख कशासाठी ते कळलं नाही. मुलींचे मार्क सगळ्यांसमोर वाचणं म्हणजे प्रगतिपुस्तक चावडीवर वाचणं. बाकी सगळे पट्ट्या-बिल्ले. जी मुलगी कॅन्टीनमध्ये राबून शिकते तिला तुमच्या कुठल्या सन्मानात जागा आहे? निवडून-नाकारून मुली घेणाऱ्या संस्थांचं कौतुक मराठीत कशाला? आणि १८५१ साली ‘सोरोरिटी’ हा शब्दच नव्हता, तेवढं तरी दुरुस्त करा.”

राग मानला नाही. ‘राग मानू नका’ म्हणून पुढे जे लिहिलं जातं ते बहुधा राग यावा म्हणूनच लिहिलेलं असतं, हे इतकी वर्षं ब्लॉग चालवून कळलं आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. १८५१ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी वेस्लियन फीमेल कॉलेजात जी संस्था निघाली तिचं नाव अ‍ॅडेल्फियन सोसायटी. आजची अल्फा डेल्टा पाय ती हीच. ‘सोरोरिटी’ हा शब्द १८८२ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी गॅमा फाय बीटासाठी सुचवला. कप्पा अल्फा थीटासारख्या काही जुन्या संस्था स्वतःला अजूनही ‘विमेन्स फ्रॅटर्निटी’च म्हणवतात (फ्रॅटर्निटी हा एरवी मुलग्यांच्या अशा संस्थांचा शब्द). तेव्हा १८५१ च्या त्या संस्थेला लेखात ‘पहिली सोरोरिटी’ म्हटलं, ते माझे शब्द ढिले होते. मान्य.

आता चावडी. हा शब्द तुम्ही सहज टाकला असेल, पण तो सहज टाकण्यासारखा नाही. चावडीवर ज्याचं वाचलं जातं त्याला कुणी आधी विचारत नाही. ऐकायला सगळा गाव असतो. आणि वाचलं जातं ते बहुधा ज्याच्याकडे बाकी आहे त्याचं. या तिन्हींपैकी एक तरी गोष्ट माझ्या लेखात दाखवा. मी नऊ वर्षं एका चॅप्टरची शैक्षणिक सल्लागार आहे, अठरा सेमेस्टरचे गुणतक्ते माझ्या हातून गेले आहेत. हे मिरवायला सांगत नाही, पण एका शब्दात निकाल लावण्याआधी समोरच्याने काय केलं आहे एवढं तरी विचारावं.

विचारण्याचंच आधी घेऊ. अमेरिकेत १९७४ पासून फर्पा नावाचा कायदा आहे. विद्यार्थिनीच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ तिचे गुण चॅप्टरच्या हाती देऊ शकत नाही. सोरोरिटीत येताना मुलगी संमतीपत्रावर सही करते, म्हणून ग्रीक लाइफ ऑफिस (ग्रीक अक्षरांच्या नावांच्या या संस्थांचं काम पाहणारं विद्यापीठाचं ऑफिस) तिचा जीपीए, म्हणजे ४.० पैकी सरासरी गुण, चॅप्टरला कळवतं. पण ती सही चॅप्टरने गुण पाहावेत यासाठीची असते, माइकवर सांगावेत यासाठीची नव्हे. चॅप्टर घसरतात ते इथेच. एका सहीवर दोन्ही कामं उरकतात, आणि पुढे कुणी तक्रार केली की ‘तू सही केली होतीस’ म्हणतात. म्हणून लेखात मी दुसरं, वेगळं पत्रक सांगितलं होतं. सेमेस्टरच्या पहिल्या मीटिंगला वाटायचं, त्यात तीन चौकोन : नाव आणि आकडा दोन्ही चालतील, फक्त नाव चालेल, दोन्ही नको. कोरं परत आलं तर ‘दोन्ही नको’ धरायचं. पत्रक त्या एका सेमेस्टरपुरतंच, पुढच्या वेळी नव्याने. गेल्या वर्षी हो म्हणालेली मुलगी यंदा रसायनशास्त्रात अडकलेली असू शकते. डीन्स लिस्टची (सेमेस्टरला चांगले गुण मिळवणाऱ्यांच्या कॉलेजच्या यादीची) गोष्ट थोडी निराळी, कारण मिळालेले मानसन्मान ही माहिती विद्यापीठाला ‘जाहीर माहिती’त धरता येते, आणि तीसुद्धा नको असेल तर मुलगी तसं आधी कळवू शकते. तरीही विचारावं. अर्धं मिनिट लागतं.

दुसरं, गाव. सन्मान चॅप्टर मीटिंगमध्ये, दार लावून, सदस्यांपुरता होतो. फाउंडर्स डेला (संस्थेच्या स्थापनादिनाला) किंवा पालकांच्या कार्यक्रमात फक्त नावं घ्यायची, तीही ज्यांनी नाव चालेल म्हटलंय त्यांचीच. पडद्यावर आकडा कधीही टाकायचा नाही. बोललेला आकडा खोलीत विरतो, पडद्यावरचा पाच मिनिटांत कुणाच्या तरी मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. इन्स्टाग्रामवर टाकायच्या चित्रात तर जीपीए हा शब्दच नको, ‘शैक्षणिक सन्मान’ पुरे.

तिसरं, बाकी. क्रमांक काढू नका, रेषा आखा, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. पहिला-दुसरा-तिसरा काढायला गेलं की फरक दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात उरतो, आणि तो बऱ्याचदा कुणी किती क्रेडिटचे (म्हणजे किती भाराचे) विषय घेतले यावर ठरतो, अभ्यासावर नाही. रेषा ३.५ ची ठेवावी. गॅमा सिग्मा अल्फा ही १९८९ पासूनची ग्रीक संस्थांमधली शैक्षणिक मानसंस्थाही तीच धरत आली आहे, त्यामुळे मुलींना ती ओळखीची असते. ४.० चा वेगळा गट करायला माझी हरकत नाही, पण तेवढाच गट केला तर इंजिनीअरिंग आणि नर्सिंगच्या मुली वर्षानुवर्षं टाळ्या वाजवायलाच येतात.

या रेषेखालच्या मुलींबद्दल जाहीरपणे एक अक्षरही बोलायचं नाही. आणि इथे, तुम्हाला चावडी दिसली असती तर शोभली असती अशी जागा आहे, ती मात्र तुमच्या नजरेतून सुटली : ‘सर्वाधिक प्रगती’ हे बक्षीस. ऐकायला फार गोड. २.१ वरून २.९ वर आलेल्या मुलीचं नाव घेतलं की ती आधी कुठे होती हेही त्याच क्षणी सगळ्यांना कळतं. ३.९ वाली कितीही झटली तरी ०.१ च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे हे बक्षीस रचनेनेच खालून येणाऱ्यांचं. शिवाय एखादं सेमेस्टर आजारपणात गेलं असेल तर पुढचं आपोआपच वर येतं, त्यात चॅप्टरने काय केलं? म्हणून हे जाहीर द्यायचं नाही. सल्लागाराने किंवा अध्यक्षाने हाताने चार ओळी लिहायच्या, बंद पाकिटात द्यायच्या. चिठ्ठीत आकडा नको, काय केलंस ते हवं : मंगळवार-गुरुवार स्टडी अवर्स चुकवले नाहीस, स्टॅटिस्टिक्ससाठी स्वतःहून शिकवणी मागितलीस. ‘खूप छान, अभिमान वाटतो’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी कुणालाही दिलेली चालते, म्हणून ती कुणालाच पुरत नाही.

खरं तर चावडीकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं ते नोंदीतल्या चुका कळाव्यात म्हणून. चॅप्टरच्या यादीचं असं वाचन जरूर करावं, गुणांचं नव्हे, नावांचं. ऑफिस सदस्ययादी ठरावीक तारखेला गोठवतं आणि तिच्यावरूनच सरासरी काढतं. त्या यादीत डिसेंबरमध्ये पदवी घेतलेल्या मुली राहून जातात, परदेशी सेमेस्टरला गेलेल्यांची नावं गळतात, सोडून गेलेल्यांची तशीच राहतात. गोठवण्याच्या आधीच्या मीटिंगमध्ये नावं मोठ्याने वाचली की दहा मिनिटांत चुका निघतात. नंतर निघाल्या तर पुढच्या सेमेस्टरपर्यंत बसायचं. तशीच घाई निकालाची. लागल्या दिवशीच यादी करू नये. ‘इन्कम्प्लीट’ (काम अपुरं राहिल्याचे) शेरे असतात, त्यांच्या जागी गुण भरायचे असतात, प्राध्यापक गुण बदलतात. निदान दोन आठवडे थांबावं. फॉल, म्हणजे डिसेंबरात संपणाऱ्या, सेमेस्टरचा सन्मान जानेवारीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगला केला तर एकही नाव मागे घ्यावं लागत नाही. दिलेलं नाव मागे घेण्याइतकं वाईट त्या खोलीत दुसरं काही नसतं.

चॅप्टरची सरासरी मात्र जाहीर सांगायची, ती कुणा एकीची नसते. फक्त ती कशी काढली ते माहीत हवं. एकीने ६ क्रेडिटमध्ये ४.० मिळवले, दुसरीने १८ क्रेडिटमध्ये ३.०. दोघींची साधी सरासरी ३.५. क्रेडिटच्या वजनाने काढली तर २४ आणि ५४ मिळून ७८, भागिले २४, म्हणजे ३.२५. ऑफिस एका पद्धतीने काढतं आणि खजिनदार आपल्या तक्त्यात दुसऱ्या पद्धतीने, मग ‘आपले गुण कापले’ म्हणून ओरड होते. कॅम्पसवरच्या सगळ्या मुलींच्या सरासरीशी तुलना करतानाही दोन्हीकडे पद्धत एकच आहे ना, हे पाहावं. नव्या सदस्य पाचापेक्षा कमी असतील तर त्यांची वेगळी सरासरी सांगू नये. तिघींपैकी दोघींना आपापले गुण ठाऊक असतात, आणि त्यांनी ते एकमेकींना सांगितले की तिसरीचे वजाबाकीने निघतात.

तर ही झाली माझी चावडी.

पट्ट्या-बिल्ल्यांबद्दल फार लिहीत नाही. बॅज बक्षीस म्हणून वाटताच येत नाही. तो इनिशिएशन (विधिपूर्वक प्रवेश) झालेल्या सदस्याचा असतो, त्याआधी नव्या सदस्याची पिन वेगळी. पदाधिकाऱ्यांच्या बॅजला जे छोटं लटकन लावतात ते पदाची खूण आहे. हे माहीत नसणं हा गुन्हा नाही, पण माहीत नसताना हिणवणं मला पटलं नाही.

कॅन्टीनमधल्या मुलीला जागा आहे. चॅप्टरमधल्या उपस्थितीच्या गुणांत कामाची पाळी गैरहजेरी धरू नये, हे लेखात होतं. तेवढं पुरेसं आहे असं मला वाटतं. आणि निवडीबद्दल म्हणाल, तर तो लेखाचा विषयच नव्हता. मोदकाच्या पाककृतीखाली उसाचा दर विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

मराठीत कशाला, याचं उत्तर सोपं आहे. सिग्मा सिग्मा रो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात, डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनला, कप्पा फाय गॅमा ऑस्टिनला, तिन्ही १९९८ मध्ये दक्षिण आशियाई मुलींनी उभ्या केल्या. त्यांत मराठी घरातल्या मुली असतात, जुन्या सोरोरिटींतही असतात, आणि त्यांच्या आया हा ब्लॉग वाचतात. आणखी एक, जे इंग्रजीत लिहायचं कुणाला सुचत नाही : पुकारणाऱ्या मुलीच्या कागदावर प्रत्येक नावाचा उच्चार लिहिलेला हवा, आणि तो ज्या त्या मुलीकडूनच घेतलेला. ज्ञानदा, ऋजुता, मृण्मयी ही नावं माइकवर पहिल्यांदाच वाचायला घेतली की काय होतं ते सांगायला नको. सन्मानाच्या वेळी नाव चुकलं की सन्मान संपला.

लेखात खरी त्रुटी होती ती वेगळीच, आणि तुम्ही तिच्यावर बोट ठेवलं असतंत तर मी निमूट ऐकून घेतलं असतं. चॅप्टरा-चॅप्टरांमधले सन्मान ठरवताना समाजसेवेचे एकूण तास मोजायचे की दर सदस्यामागे, हे मी लिहायला विसरले. २२० मुलींच्या चॅप्टरने प्रत्येकी ४ तास दिले तर ८८० होतात. ४५ मुलींच्या चॅप्टरने प्रत्येकी १२ दिले तर ५४०. एकूण पाहिलं तर मोठा चॅप्टर दरवर्षी जिंकतो आणि छोटे अर्ज भरायचंच सोडतात. दर सदस्यामागे मोजावं, आणि गोळा केलेले पैसे तासांत मिसळू नयेत. मुलांना तासभर वाचून दाखवणं आणि पॅनकेकच्या कार्यक्रमाचं तिकीट विकणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना दोन वेगळे रकाने हवेत. पुरावा त्याच आठवड्यात जमा करावा : तारीख, ठिकाण, हजर मुलींची नावं, संस्थेतल्या कुणाची तरी सही. मार्चमध्ये अर्ज भरायला बसल्यावर ऑक्टोबरचे तास आठवणीने लिहिले की परीक्षकांना ते लगेच कळतं, कारण सगळे आकडे पाचाच्या पाढ्यातले असतात. आणि ज्या परीक्षक स्वतः कुठल्या सोरोरिटीच्या सदस्य आहेत त्यांनी आपल्या संस्थेच्या अर्जाला गुण देऊ नयेत.

हा परिच्छेद मूळ लेखात आज जोडला आहे. १८५१ चा उल्लेखही दुरुस्त केला. तिथे कंसात तुमचं नाव द्यायचं होतं, पण ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून ‘एका वाचकाने लक्षात आणून दिलं’ एवढंच टाकलं आहे.