'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सडेतोड साहेब (खरं नाव काय ते तुम्हालाच ठाऊक),

ब्राझीलच्या आदिवासींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "बारा वर्षांत लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली असं तुम्हीच सांगता आणि वर उपासमारीचं रडगाणं गाता, वाढतायत म्हणजे बरंच चाललंय ना? घरबसल्या गुगल करून अक्कल पाजळू नका." अहो, मुद्दा असेल तर मांडा की, पण ही कुठली बोलायची पद्धत? इथे माझ्याशी कडाकडा भांडणारे पुष्कळ आहेत, पण अक्कल कोणी काढली नव्हती. माझ्या लेखाचं शीर्षक जरा भडक झालं, ते मान्य.

आता ते "वाढतायत". ब्राझीलच्या जनगणनेत आदिवासी २०१० ला ८ लाख ९६ हजार, २०२२ ला १६ लाख ९३ हजार. एवढी पोरं बारा वर्षांत जन्माला येत नसतात हो! "तुम्ही स्वतःला आदिवासी मानता का" हा जादाचा प्रश्न २०१० ला फक्त आदिवासींसाठीच्या राखीव प्रदेशाच्या आत विचारलेला, २०२२ ला बाहेरच्या आदिवासी वस्त्यांमध्येही विचारला, आकडा फुगला तो मुख्यतः त्यामुळे. मी शिक्षक आहे, २०११ च्या जनगणनेला जव्हारकडच्या पाड्यांवर ओट्याओट्यावर बसून फॉर्म भरलेत. प्रश्न कसा विचारला, शेजारी कोण उभं होतं, यावर उत्तर कसं बदलतं ते मला गुगलने नाही शिकवलं. तुम्ही भरलाय कधी एक तरी फॉर्म?

आणि त्या १६ लाखांत एकट्या मनाऊस शहरातले ७१ हजार आहेत. जानेवारी २०२३ मध्ये आरोग्य आणीबाणी लागली ती यानोमामी या आदिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात, तिथली मोजणी २७ हजार. बेकायदा सोनं काढणाऱ्यांनी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साठतं, डास होतात, घरातली धडधाकट माणसं ऐन लागवडीच्या वेळी मलेरियाने आडवी, मग कसावा (तिथला खायचा कंद) नाही की केळी नाही, नदीतल्या माशांत पारा, आणि आरोग्य केंद्राला औषध घेऊन विमान जावं तर धावपट्टीच खाणवाल्यांच्या ताब्यात होती. यातलं काय शिरगणतीच्या बेरजेत दिसतं, सांगा ना?

लुला-बोल्सोनारो या तिथल्या नेत्यांबद्दल वगैरे तुम्ही जे पुढे लिहिलंय त्यात मला पडायचं नाही, वेळही नाही. आणि परत अक्कल काढलीत तर कॉमेंट सरळ उडवणार, मग सेन्सॉरशिप म्हणून बोंबलू नका.