सिडनीची बाग ऑपेरा हाऊसच्या फोटोपुरती नाही

तुमचा लेख आवडला, पण त्यात सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनला ‘ऑपेरा हाऊसचा फोटो काढायची जागा’ म्हणून दोन ओळींत उरकलंय, ते मनाला लागलं. मुलीकडे गेले की मी तिथे जातेच.

ही बाग 1816 ची. त्याआधी, 1788 मध्ये, पहिल्या जहाजांतून आलेल्या इंग्रजांनी इथेच, फार्म कोव्ह या छोट्या खाडीच्या काठी धान्य पेरलं होतं. जमीन रेताड, पीक फारसं आलंच नाही. आणि ही भूमी मुळात कॅडिगल या इथल्या आदिवासी लोकांची. त्यांच्या खाण्यातल्या, औषधातल्या वनस्पती आज बागेत मुद्दाम लावल्या आहेत. तिथे थांबून पाट्या वाचाच.

वोलेमाय पाइन हे झाडही चुकवू नका. या प्रकारची झाडं फक्त जीवाश्मांतच उरली असा समज होता. 1994 मध्ये सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका खोल दरीत ती जिवंत सापडली. वाढलेल्या झाडाची साल जवळून बघा, उकळत्या काकवीवर बुडबुडे यावेत तशी तपकिरी, फुगीर असते.

तिथल्या एका पाटीवर ‘कृपया गवतावर चाला’ असं लिहिलंय. आपल्याकडच्या बागांमध्ये असं कधी वाचायला मिळेल?

जाणाऱ्यांसाठी: प्रवेश फुकट आहे. समुद्राच्या भिंतीकडेने मिसेस मॅक्वारीज चेअरपर्यंत चालत जा, कैद्यांनी वालुकाश्मात कोरलेलं आसन आहे ते. ऊन कडक असतं, टोपी हवीच. दरवाजे सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, तेव्हा दुपारी उशिरा निघू नका.