आधी पाडा, मग वाचवा

तुमच्या मालकीची एखादी जुनी, भक्कम, न गळणारी इमारत असेल, तर प्रथम मनापासून सहानुभूती. चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे वापरलेला माल टाकून न देता पुन्हा पुन्हा फिरवण्याच्या व्यवस्थेत, तुम्हाला सध्या काहीच स्थान नाही. देशोदेशींची सरकारं बांधकामाचा राडारोडा पुन्हा वापरात यावा म्हणून उद्दिष्टं ठरवताहेत, नियमावल्या काढताहेत, परिषदा भरवताहेत. आणि तुम्ही राडारोडाच करायला तयार नाही! अशानं धोरण यशस्वी व्हायचं कसं? तेव्हा आळस झटका आणि आधी पाडा.

पुढचं सगळं सोपं आहे. युरोपीय संघाने २००८ सालीच सांगून ठेवलं होतं, की बांधकाम आणि पाडकामातल्या बिनधोक कचऱ्यापैकी किमान ७० टक्के माल २०२० पर्यंत सत्कारणी लागला पाहिजे. आकडा बघून छातीत धस्स होऊ देऊ नका, नियम नीट वाचा. हे ७० टक्के वजनावर मोजतात. काँक्रीट आणि वीटकाम हत्तीसारखं जड. दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे त्यापुढे पिसासारखे. जड ते भरडलंत की काम फत्ते. हलकं पण मोलाचं जे असेल ते कुठेही गेलं तरी बेरीज फारशी बिघडत नाही. शिवाय भरडलेला माल खड्ड्यात भराव म्हणून वापरला, तरी तो हिशेबात धरतात. काल ज्या खांबाने चार मजले पेलले तो आज चुरा होऊन रस्त्याखाली पडलाय, पण कागदावर वर्तुळ पूर्ण! (एखादा म्हणेल, याला वर्तुळ नाही, जिना उतरणं म्हणतात. त्याला समितीत घेऊ नका.)

त्या भरडीतून नवं काँक्रीट करा असा आग्रह कुणी धरलाच, तर बिनधास्त हो म्हणा. या खडीला जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती पाणी जास्त पिते. आधी भिजवून घेण्याचा कंटाळा करा. मिश्रण आळलं की पाणी ओता, पाण्याने ताकद गेली की सिमेंट वाढवा. जगाच्या कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा सिमेंट एकटं उचलतं, त्याला तेवढाच हातभार.

विटांचं मात्र कौतुक करत बसू नका. जुने गवंडी चुन्यात बांधत. चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे चार ठोके मारले की वीट अख्खी हातात येते आणि दुसऱ्या भिंतीत जाऊन बसते. धोरण, निविदा, उद्घाटन, काही म्हणजे काही लागत नाही. ही अराजकता आपण सिमेंटने मोडून काढली. आता भिंत तोडली की सांधा तसाच राहतो आणि वीटच फुटते.

काही गावांचं वळण चांगलं नाही, तिथून लांब राहा. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ मध्ये नियम केला, की १९१६ किंवा त्यापूर्वीचं घर यंत्राने चिरडायचं नाही, हातांनी एकेक भाग सोडवायचा. पुढे ही मर्यादा १९४० पर्यंत आणली. दिवसाचं काम आठवड्यांवर जातं, माणसांना रोजगार मिळतो, आणि जुनी तुळई पुन्हा तुळई म्हणूनच विकली जाते. ‘पुन्हा वापर’ हे असं शब्दशः घ्यायचं नसतं.

त्यापेक्षा ब्रिटनकडून शिका. तिथे नवं घर बांधलंत तर मूल्यवर्धित कर शून्य. आहे ते घर नीट केलंत तर साधारणपणे २० टक्के. सरकारच्या मनात काय आहे हे जाहीरनाम्यात शोधू नये, कराच्या तक्त्यात बघावं. लंडनच्या २०२१ च्या आराखड्यानुसार मोठ्या प्रकल्पांना चक्रीय अर्थव्यवस्थेचं निवेदनही जोडावं लागतं. जोडा की! त्याच शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं मार्क्स अँड स्पेन्सरचं जुनं दुकान पाडायला मंत्र्यांनी २०२३ मध्ये नकार दिला, २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली. तेव्हा धीर सोडू नका.

नवी इमारत उभी राहिली की तिचा ‘मटेरियल पासपोर्ट’ अवश्य काढा. नेदरलँड्समध्ये त्याचा मोठा बोलबाला आहे. कोणती सळई, कुठली काच, किती जिप्सम, सगळ्याची नोंद. पुढे कुणी इमारत उकलली तर भाग ओळखीने बाहेर पडावेत म्हणून. नोंद अगदी काटेकोर ठेवा. फक्त बांधताना काच सिलिकॉनने, फरशी चिकटद्रव्याने आणि भिंतीचे थर फोमने असे पक्के बसवा, की पासपोर्ट तयार असूनही प्रवाशाला भिंतीतून सुटता येऊ नये.

एवढं झालं की आवारात हिरवा फलक लावा आणि जरा शेजारी नजर टाका. तिथली इमारत अजून चांगली पन्नास वर्षं टिकेल म्हणतात. म्हणजे माल उत्तम निघणार.