शंभर टक्के ओळखता येणारा प्रकाश गुपित राखू शकत नाही

हर्णै बंदरातल्या नौकामालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. बोटीवर ‘क्वांटम वायरलेस’ बसवा. त्याचा प्रकाश समोरचे यंत्र शंभर टक्के अचूक ओळखते, तो कुणालाही चोरून वाचता येत नाही आणि कितीही अंतरावर तत्क्षणी पोहोचतो, असा त्यातला दावा आहे. माझे मामा आगाऊ रक्कम भरायला निघाले, तेव्हा हे लिहिणे भाग पडले.

पहिले दोन दावे एकत्र नांदूच शकत नाहीत. संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली (आकड्यांची मालिका) प्रकाशातून पाठवण्याच्या चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार्ड यांच्या 1984 च्या पद्धतीत प्रत्येक फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाला, आडवे, उभे किंवा दोनपैकी एक तिरके ध्रुवण (कंपनाची दिशा) दिलेले असते. आडवी आणि 45 अंशांतली तिरकी या अवस्था परस्परांना लंब नसल्यामुळे, हाती आलेला एकटा फोटॉन त्यांपैकी कोणता हे दर वेळी खात्रीने सांगणारे यंत्र बनूच शकत नाही. कार्ल हेल्स्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात या चुकीची किमान मर्यादा गणिताने काढली आहे: दोन्हींची शक्यता सारखी असेल, तर उत्तमातले उत्तम यंत्रही 100 पैकी सुमारे 15 वेळा चुकणारच. सगळी सुरक्षितता या चुकण्यावर उभी आहे. चोराने वाटेत प्रत्येक फोटॉन मोजून तसाच दुसरा पुढे पाठवला, तर दोन्ही टोकांच्या जुळायला हव्या अशा नोंदींत सरासरी 25 टक्के चुका उमटतात, आणि काही नोंदी उघडपणे ताडून पाहताच चोरी कळते. मामांचे यंत्र प्रत्येक अवस्था अचूक ओळखणार असेल, तर चोराचेही ओळखेल आणि मागमूस न ठेवता नक्कल पुढे धाडेल!

‘तत्क्षणी’ हे तर धादांत खोटे आहे. गुंफलेल्या, म्हणजे दूर असूनही ज्यांची मोजमापे एकमेकांशी जुळतात अशा, फोटॉनांनीही प्रकाशाहून वेगाने निरोप जात नाही. ‘कितीही अंतर’ म्हणावे, तर प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या चांगल्या तारेत, म्हणजे फायबरमध्येसुद्धा, 100 किलोमीटरनंतर शंभरातला एखादाच फोटॉन उरतो, आणि डोलणाऱ्या बोटीला फायबर कुठून जोडणार? चोरी अशक्य म्हणणाऱ्यांनी 2010 चा प्रयोग पाहावा: बाजारात विकल्या जाणाऱ्या यंत्रांचे फोटॉन टिपणारे भाग तेजस्वी प्रकाशाने आंधळे करून संशोधकांनी किल्ली हस्तगत करता येते हे दाखवून दिले.

तंत्र मुळात खरे आहे, एवढे मान्य करावे लागते. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी 2022 मध्ये प्रयागराज ते विंध्याचल या 100 किलोमीटरहून अधिक अंतरावर फायबरमधून ते चालवून दाखवले. पण क्वांटम प्रकाशातून जाते ती केवळ किल्ली. तिने कुलूपबंद केलेला संदेश नेहमीच्याच मार्गाने जातो, आणि बोटीवर तो मार्ग म्हणजे आधीपासून बसवलेला व्हीएचएफ रेडिओ सेट.