अंडं शिजवलं म्हणून प्रोटीन मरत नाही आणि पावडर गरम केली म्हणून तिचं विष होत नाही

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन वेळा आला, माहेरच्या ग्रुपवर आला, काल तर भाजीवाल्या भैय्याच्या मोबाईलवरही तोच उघडा दिसला. मेसेज असा आहे की अंडं शिजवलं की त्यातलं प्रोटीन मरतं म्हणून कच्चं फोडून प्यावं, प्रोटीन पावडर गरम केली की तिचं विष होतं, पिवळा बलक फेकून द्यावा नाहीतर हार्ट अटॅक ठरलेला, एका वेळी ३० ग्रॅमच्या वर प्रोटीन घेतलं तर वाया जातं आणि किडनी खराब होते, आणि शेवटी काय तर आपल्या आजोबांनी वरणभातावरच तब्येत कमावली, तेवढं पुरे. खाली हात जोडलेले आणि सगळ्यांना पाठवा.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, घरून डबे देते. सध्या चौदा डबे आहेत, त्यातले सहा जिमला जाणाऱ्या पोरांचे, म्हणजे अंडी, पनीर, पावडर हे सगळं रोज माझ्या हातातून जातं. मी डॉक्टर नाही, पण जे रोज शिजवून लोकांच्या पोटात घालते त्याबद्दल नीट वाचून, विचारून घेते, ती माझी जबाबदारी आहे असं मला वाटतं. आणि हे लिहायला बसले ते त्या सहातल्या एका पोरामुळे. एकोणीस वर्षांचा मुलगा, हा मेसेज वाचून मला म्हणाला काकू डब्यातली उकडलेली अंडी बंद करा, मी घरीच कच्ची पितो. सकाळी सहा अंडी शेकरमध्ये फोडून दुधात हलवून प्यायचा. आठव्या दिवशी उलट्या, जुलाब, ताप, दोन दिवस सलाईन. डॉक्टरांनी कच्च्या अंड्यांवरच बोट ठेवलं. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा मला काय बोलावं सुचेना, कारण डबा माझा होता आणि मी त्याला तेव्हा नीट समजावलं नव्हतं, नुसतं बरं म्हटलं होतं. म्हणून आता एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, शिजवलं की प्रोटीन मरतं. प्रोटीन जिवंत नसतंच, मग मरणार कुठून? अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनचे लहान लहान तुकडे, त्यांची ती एक लांब साखळी असते, आणि ती लोकरीच्या गुंड्यासारखी स्वतःभोवती गुंडाळलेली असते. उष्णता लागली की गुंडा सुटतो, सुटलेले धागे एकमेकांत अडकतात आणि पातळ पांढरं घट्ट होतं. अंडं उकडताना हेच होतं, साधारण ६०-६२ अंशांना पांढरं दुधाळ व्हायला लागतं आणि ८० च्या पुढे पक्कं बसतं. धागा तुटत नाही, फक्त गुंडा उलगडतो. आपल्या पोटाला तर तो धागा कापायचाच असतो, आणि गुंडाळलेल्यापेक्षा उलगडलेला कापणं सोपं. शिवाय कच्च्या पांढऱ्यात पचनाच्या रसांना अडवणारे काही पदार्थ असतात, ते उष्णतेने निकामी होतात.

हे मोजूनही झालंय. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी अशी पाच माणसं घेतली ज्यांच्या लहान आतड्याचं तोंड ऑपरेशन करून पोटावर बाहेर काढलेलं होतं, त्यामुळे आतड्यातून न पचता काय बाहेर पडलं ते थेट मोजता आलं. शिजवलेल्या अंड्यातलं जवळजवळ ९१ टक्के प्रोटीन पचलं, कच्च्यातलं ५१ टक्के. पाचच माणसं होती, आकडा माणसागणिक थोडा इकडेतिकडे होईल हे मला मान्य आहे, पण दिशा कुठली ते स्पष्ट आहे. आता हिशोब करा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे त्या पोराच्या सहा कच्च्या अंड्यांत ३६ ग्रॅम आणि त्यातलं अंगी लागणार १८. तेच चार अंडी उकडून खाल्ली तर २२ ग्रॅम अंगी लागतं. दोन अंडी कमी आणि प्रोटीन जास्त, आणि दवाखाना नाही.

कच्च्या अंड्याचा अजून एक तोटा कोणी सांगत नाही. पांढऱ्यात अॅव्हिडिन म्हणून एक प्रोटीन असतं, ते बायोटिन नावाच्या बी गटातल्या जीवनसत्त्वाला असं घट्ट धरतं की ते शरीराला मिळतच नाही. एखाद्या दिवशी चालून जाईल, पण महिनोन् महिने रोज पाच-सहा कच्ची अंडी प्यायली तर केस, त्वचा यावर परिणाम दिसू शकतो. शिजवलं की अॅव्हिडिनची पकड सुटते. आणि साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू तर आहेच, तो कवचावर असू शकतो, आतही असू शकतो, अंडं कितीही ताजं दिसलं तरी बघून कळत नाही. ठाण्याच्या उन्हाळ्यात दुकानाबाहेर रचून ठेवलेल्या ट्रे बघा आणि मग ठरवा कच्चं प्यायचं का.

माझी उकडायची पद्धत सांगते कारण डब्यात रबरासारखी अंडी कोणालाच आवडत नाहीत. पाणी आधी खळखळ उकळू द्यायचं, मग डावाने एकेक अंडं अलगद सोडायचं, गॅस मध्यम करायचा, नऊ ते दहा मिनिटं, आणि लगेच थंड पाण्यात. वीस मिनिटं उकळत ठेवलं तर बलकाभोवती हिरवट काळी कड येते. तीही लोक विष समजतात, पण ते पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्यामुळे होतं, खाल्लं तर काही होत नाही, फक्त वास येतो आणि चव जाते.

दुसरा मुद्दा, पावडर गरम केली की विष. हा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण याने लोक घाबरतात आणि घाबरलेला माणूस काही ऐकूनच घेत नाही. बाजारातली बरीचशी पावडर व्हेची असते. व्हे म्हणजे काय, तर चीज करताना दूध फाटल्यावर जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन. घरी पनीर करताना खाली जे हिरवट पाणी राहतं ना, त्याच्याच जवळचं ते. कारखान्यात हे पावडर होण्याआधी दूध पाश्चराइज होतं, ७२ अंशांना १५ सेकंद, आणि शेवटी गरम हवेत फवारून सुकवतात. म्हणजे डब्यात आली तेव्हाच ती उष्णता बघून आलेली असते. आणि आपल्याकडे तर उत्तम उदाहरण आहे, खरवस. गाय व्याल्यावर पहिल्या चिकात हीच व्हेच्या जातीची प्रोटीन्स भरपूर असतात, म्हणूनच चीक वाफवला की दही-विरजण काही न घालता वडी बसते. पिढ्यान् पिढ्या आपण खरवस वाफवून, गूळ वेलची घालून खातोय, लहान पोरांना भरवतोय.

एक गोष्ट मात्र खरी आहे, ती लपवत नाही. साखर-गुळाबरोबर कोरड्या आचेवर खूप वेळ खरपूस भाजलं तर लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल थोडं कमी होतं. पण ते बिस्किटाला, चपातीलाही लागू आहे, त्याला कोणी विष म्हणत नाही.

बिघडतं ते पोत. उकळत्या दुधात चमचाभर पावडर टाकली की लगेच गोळे होतात, बाहेरून शिजलेले आणि आत कोरडी पावडर, दाताखाली आलं की पोरं डबा परत पाठवतात आणि मग वाटतं पावडर खराब झाली. माझ्याही पहिल्या महिन्यात लापशीचं असंच झालं होतं. आता मी ओट्सची लापशी पूर्ण शिजवून गॅस बंद करते, तीनेक मिनिटं थांबते, तोपर्यंत वाटीत पावडर आणि थंड दूध फेटून घेते, अगदी इडलीच्या पिठासारखं सरसरीत, आणि मग ते थोडं थोडं घालत ढवळते. एक गाठ राहत नाही. भुर्जीत घालायची असेल तर बिनचवीचीच घ्या, चॉकलेटची नको, आणि अंड्याबरोबर आधीच फेटून घ्या, तव्यावर वरून भुरभुरू नका.

तिसरा, बलक. माझे सासरे दोन वर्षं फक्त पांढरं खात होते, बलक आमच्या मांजरीला. अंड्याच्या सहा ग्रॅममधलं साडेतीन ग्रॅमच्या वर पांढऱ्यात असतं, पण अडीचच्या वर बलकातही असतं, आणि ए, डी, बी-१२, कोलीन हे जवळजवळ सगळं बलकात. कोलेस्टेरॉल एका बलकात १८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं हे खरंय. पण खाण्यातल्या कोलेस्टेरॉलने रक्तातलं तितकंच वाढतं असं बहुतेकांच्या बाबतीत होत नाही, लिव्हर स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं आणि बाहेरून आलं की बहुतेकांच्या शरीरात आपलं उत्पादन कमी करतं. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती ती २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली. रक्तातल्या कोलेस्टेरॉलची काळजी असेल तर तूप, वनस्पती तूप, तळणीचं तेल याकडे आधी बघावं. मात्र ज्यांना डायबिटीस आहे, ज्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं आहे, ज्यांच्या घरात कमी वयात हार्टचा त्रास आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. सासऱ्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून रोज एक अख्खं अंडं खा असं सांगितलं, तेव्हापासून मांजरीचा खुराक बंद झाला.

चौथा मुद्दा, ३० ग्रॅमच्या वर वाया. आतडं काही ३० ग्रॅमला शटर ओढत नाही, जास्त खाल्लं की पचायला जास्त वेळ लागतो एवढंच. नेदरलँडमध्ये २०२३ साली व्यायामानंतर काही तरुणांना २५ ग्रॅम आणि काहींना १०० ग्रॅम दुधाचं प्रोटीन देऊन बघितलं, तर १०० वाल्यांच्या शरीराने ते बारा तासांच्या वर वापरलं. म्हणजे रोज १०० घ्या असं मी म्हणत नाही, पण सकाळी जमलं नाही आणि रात्री जेवणात ४५ ग्रॅम झालं तर घाबरायचं कारण नाही.

किडनीचं मात्र दोन भागात बोलायला हवं. धडधाकट किडनीला थोडं जास्त प्रोटीन खाऊन इजा होते असा पुरावा दिसत नाही. पण ज्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायला रक्तात तपासतात ते) वाढलेलं आहे, ज्यांना किडनीचा आजार आहे, त्यांना प्रोटीन मोजूनच खावं लागतं, आणि त्यांनी माझं किंवा कुठल्याही मेसेजचं ऐकू नये, किडनीच्या डॉक्टरांचंच ऐकावं. आपल्याकडे बीपी आणि शुगर असूनही किडनी कधी तपासलेली नसते अशी माणसं खूप आहेत, त्यांनी पावडर सुरू करायच्या आधी साधी रक्त-लघवीची तपासणी करून घ्या, प्लीज.

पावडरबद्दल खरी काळजी करायची तर ती डब्यात काय आहे याची करा. २०२४ मध्ये आपल्याच देशातल्या ३६ पावडरी तपासल्या गेल्या तर जवळजवळ ७० टक्क्यांमध्ये लेबलवरचा प्रोटीनचा आकडा बरोबर नव्हता. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात शरीर कमवायला सप्लिमेंट टाळा असं स्पष्ट सांगितलंय, साखर आणि कृत्रिम स्वाद घातलेले असतात हेही. मला ते पटतं. जेवणातून भागत असेल तर पावडर नकोच. ज्यांचं भागत नाही त्यांनी तरी डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा नंबर, बघावा, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन किती ते वाचावं, नुसतं स्कूपच्या, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्याच्या, आकड्यावर जाऊ नये, आणि स्टेशनजवळ पिशवीत भरून सुटी मिळते ती तर अजिबात घेऊ नये.

शेवटचा, वरणभात. मी स्वतः रोज खाते, तूप लिंबू घालून, मला त्याच्याविरुद्ध काही बोलायचंच नाही. डाळ आणि भात एकत्र खाल्ले की एकात जे अमिनो आम्ल कमी ते दुसऱ्यात मिळतं, हे अगदी शहाणपणाचं जेवण आहे. पण मापाचा प्रश्न आहे. एका वाटी वरणात साधारण ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ जाते, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि डब्यातलं पातळ वरण असेल तर त्याहून कमी. भारतीयांसाठी शिफारस आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वरणानेच गाठायचं तर सात-आठ वाट्या लागतील. आणि आजोबा नुसता वरणभात खात नव्हते, त्यांच्या ताटात ताक होतं, मोडाची मटकी होती, आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मैत्रिणीकडे तर सुकट आणि बोंबील रोजचे.

ग्रुपवर दोघींनी धिरड्याचं विचारलं होतं, ते देते. दोन अंडी, तीन मोठे चमचे बेसन, अर्धा स्कूप बिनचवीची व्हे, दोन चमचे दही, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, ओवा, हळद, मीठ. आधी बेसन, पावडर आणि दही गुठळ्या मोडेपर्यंत फेटायचं, मग अंडी, मग बाकीचं, पाणी घालायचंच नाही. तवा तापला की गॅस बारीक करायचा, तेल सोडून पीठ जाडसर पसरायचं आणि झाकण ठेवायचं, कारण मोठ्या आचेवर व्हे लगेच चिवट होते. कडा सुटल्या की उलटायचं. एकात ३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जातं. तो पोरगा आता बरा आहे, सोमवारपासून त्याचा डबा परत सुरू होतोय, आणि पहिल्या दिवशी हेच देणार आहे.